कै. लक्ष्मीबाई टिळक : वियोगानंतरचीं सतरा वर्षें

ज्युबिलीचा दिवस हा आनंदाचा. तथापि देवळांत जमलेल्या मंडळींकडे पाहिलें असतां, ज्यांच्या शेजारची जागा रिकामी झाली आहे अशा माताभगिनी व बांधव आमच्या नजरेस पडल्यावांचून राहत नाहींत. कोणाचा पति दीर्घ दुखण्यानंतर गेला, कोणाची पत्नी अवचित गेली. अशांच्या उपयोगीं पडेल असें एक चरित्र या अंकांत असावें असें आम्हांस वाटलें, व प्रथम आठवण झाली ती कै. लक्ष्मीबाई टिळक यांची. त्या आपल्या कॅथॉलिक पंथाच्या नव्हत्या हें आम्ही जाणतों. परंतु मराठी बोलणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती घरास त्या परक्या नाहींत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें गोखले घराण्यांत झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. अकराव्या वर्षीं त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला. शाळेचें तोंड त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. लिहिणेंवाचणें त्या शिकल्या तें पतीकडून. टिळक हे मोठे कवि, पण स्वभावानें लहरी. हातीं आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकावा, न सांगतां घरांतून निघून जावें, अशी त्यांची तऱ्हा. संसाराचा भार बाईंच्याच शिरावर पडे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण घरांत याचा अर्थ पति असून नसल्यासारखा होणें असाच होता. लहानग्या दत्तूस घेऊन बाई नातलगांच्या आश्रयास राहिल्या. नाशिक व पंढरपूर येथें त्यांनीं मोठ्या कष्टाचे दिवस काढले, आणि याच दुःखाच्या भरांत त्या कविता रचूं लागल्या. वियोगाची पहिली ओळख त्यांस अशी सौभाग्य असतांनाच झाली. कांहीं वर्षांनीं त्या पतीकडे परतल्या, तरी लागलीच धर्मांतर केलें नाहीं. जातिभेदाचा मनावरील पगडा हळूहळू सुटला, आणि स्वतःची खात्री पटल्यावरच १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. दुष्काळांत पोरकीं झालेलीं मुलें पुढें त्यांच्या घरांत वाढलीं. बालकवि ठोमरे यांसही त्यांनीं आईची माया लावली.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला व सातारा येथें देवाचा दरबार या नांवानें ख्रिस्तभक्तांचा एक मेळा उभारण्याचें काम हातीं घेतलें. बाईंच्या वाट्यास मात्र दुःखावर दुःख आलें. ५ मे १९१८ रोजीं बालकवि भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून मरण पावले. त्यानंतर टिळकांची प्रकृति ढासळली. त्यांस उपचारासाठीं मुंबईस आणलें. परंतु गुण आला नाहीं, आणि ९ मे १९१९ रोजीं जे. जे. रुग्णालयांत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. लक्ष्मीबाई तेव्हां पन्नास वर्षांच्या होत्या. सुमारें चाळीस वर्षांचा संसार संपला. या संसारांत भांडणें होतीं, ताटातूट होती, आणि फार मोठें प्रेमही होतें.

दुःख मोठें म्हणून पोटाची चिंता थांबत नाहीं. बाईंनीं मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचें काम पत्करलें. पुढें कांहीं काळ त्या मुलांबरोबर कराचीस राहिल्या, व अखेरीस नाशिकास परतल्या. पण पतीच्या मागें राहिलेलें एक काम त्यांच्या मनांतून गेलें नाहीं. गोव्यांत फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें होतें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. प्रभु येशूचें तसेंच एक ओवीबद्ध चरित्र रचावें म्हणून टिळकांनीं ख्रिस्तायन हा ग्रंथ आरंभिला होता. परंतु सुमारें दहा अध्याय झाले तोंच ते गेले. जिला पतीनें अक्षरें शिकविलीं, त्या स्त्रीनेंच त्यापुढें चौसष्ट अध्याय रचून तो ग्रंथ पुरा केला.

याच काळांत स्मृतिचित्रें हें त्यांचें आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध होऊं लागलें. त्यांत पतीची थोरवी आहे, आणि पतीचा विसराळूपणा व हट्टही आहे. मेलेल्या माणसास देव करून बाईंनीं त्यास दूर नेलें नाहीं. जसा होता तसाच जवळ ठेविला. वाचकास हसूं येतें, आणि हसतां हसतां डोळे भरून येतात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास त्या निवर्तल्या. ख्रिस्तायन छापून निघालें तें १९३८ सालीं. तें पाहण्यास त्या राहिल्या नव्हत्या.

या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें? बाईंनीं दुःख विसरण्याचा यत्न केला नाहीं. गेलेल्याचें नांव घेणें टाळलें नाहीं. आणि त्याचें अपुरें काम आपलें मानलें. प्रत्येकाच्या घरीं ग्रंथ अपुरा राहिलेला नसतो. आमच्या केळवें-माहीमच्या पट्ट्यांत कोणाची पानवेलीची वाडी अर्धी लावून राहते, कोणाच्या मुलीचें लग्न ठरवावयाचें राहतें. तें काम हातीं घेणें ही देखील गेलेल्या जिवासाठीं एक प्रार्थनाच होय, असें आम्हांस वाटतें.

आणि एक गोष्ट आम्हां शेजाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी. मातीच्या दिवशीं अंगण भरून जातें. महिन्याच्या मिस्सेपर्यंत माणसें येतात. त्यानंतर पायरव थांबतो, आणि खरें एकटेपण तेव्हांच सुरू होतें. बाईंस पहिल्या वियोगांत नातलगांनीं दार उघडें ठेविलें म्हणून त्या तगल्या. आम्हींही तसेंच दार उघडें ठेवावें, आजाऱ्याच्या उशाशीं जाऊन बसावें, आणि मृतांच्या सणास थडग्यावर मेणबत्ती लावून परततांना वाटेवरच्या त्या घरांत क्षणभर टेकावें.

प्रभु आमच्या सर्व मृत बंधुभगिनींच्या आत्म्यांस चिरशांति देवो, व मागें राहिलेल्यांस धीर देवो.