स्वप्नात सुचलेल्या प्रयोगाने नोबेल मिळवून दिलं, पण बक्षिसाची रक्कम नाझींनी काढून घेतली

समोरून ट्रक अंगावर येतोय असं दिसलं की छाती धडधडते, तळहाताला घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. यातलं काहीच तुम्ही ठरवून करत नाही. जेवून आडवं झाल्यावर ठोके संथ होतात, तेही कुणाला विचारून होत नाहीत. हा सगळा कारभार स्वायत्त मज्जासंस्था बघते. तिच्या दोन मुख्य शाखा. हृदयापुरतं बोलायचं तर सिम्पथेटिक शाखा अ‍ॅक्सिलेटर दाबते आणि पॅरासिम्पथेटिक ब्रेक लावते.

पण मज्जातंतू हृदयाला हा निरोप देतो कसा? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बहुतेकांचं उत्तर होतं, विजेने. हे उत्तर ज्याने मोडीत काढलं तो माणूस म्हणजे ओटो लोवी.

लोवीचा जन्म ३ जून १८७३ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. ज्यू कुटुंब, वडील वाइनचे व्यापारी. पोराला कलेचा इतिहास शिकायचा होता, घरच्यांना डॉक्टर हवा होता. पुढे काय झालं असेल हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायची गरज नाही. १८९१ मध्ये तो स्ट्रासबुर्गला मेडिकलला गेला, पण गडी मेडिकलची लेक्चर्स बुडवून तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसायचा.

डॉक्टर झाल्यावर त्याने फ्रँकफर्टच्या दवाखान्यात काम केलं. तिथे टीबी आणि न्यूमोनियाचे पेशंट त्याच्या डोळ्यांदेखत जात होते आणि त्यांना देण्यासारखं औषधच नव्हतं. शेवटी त्याने पेशंट तपासणं सोडलं आणि औषधं शरीरात नेमकं करतात काय, याच्या मागे लागला. १९०९ मध्ये तो ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात प्रोफेसर झाला.

एक गोष्ट औषधांवर काम करणाऱ्यांना तेव्हाही खटकत होती. अ‍ॅड्रेनालिन टोचलं की सिम्पथेटिक नस चेतवल्यासारखे ठोके वाढतात. एका विषारी अळंबीतलं मस्करीन दिलं की व्हेगस नावाची ब्रेकची नस चेतवल्यासारखे ठोके मंदावतात. मग नसा स्वतःच असलं काही रसायन सोडत असतील का? लोवीच्या डोक्यात हे १९०३ मध्येच येऊन गेलं होतं. सिद्ध कसं करायचं, ते मात्र सुचलं नव्हतं.

पुढची सतरा वर्षं ते तसंच राहिलं. १९२० च्या ईस्टरच्या आदल्या रात्री त्याला झोपेत काहीतरी सुचलं. उठून त्याने चिठ्ठीवर खरडलं आणि परत झोपला. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! अख्खा दिवस त्यात गेला. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी त्याने कागद शोधला नाही, तडक लॅब गाठली.

प्रयोग अगदी साधा होता. बेडकाची दोन हृदयं क्षारांच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस नस चेतवली, ठोके मंदावले. मग त्या हृदयातलं पाणी काढून दुसऱ्यात घातलं, तर तेही मंदावलं. दुसऱ्या हृदयाच्या कुठल्याच नसेला हात लावलेला नव्हता. म्हणजे निरोप पाण्यातून आला होता. ठोके वाढवणाऱ्या नसेबाबतही तेच घडलं. दिवसाढवळ्या विचार केला असता तर हा प्रयोग आपण केलाच नसता, अशी कबुली त्याने नंतर दिली. नसेतून सुटलेलं रसायन पाण्यात उतरण्याइतकं उरेल, हेच मुळात पटण्यासारखं नव्हतं.

इतरांनाही लगेच पटलं नाही. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत त्याने एकाच हृदयावर अठरा वेळा प्रयोग करून दाखवला.

आपल्या कामाचा भाग खरं तर पुढचा आहे. धोत्र्याच्या जातकुळीतल्या झाडांत मिळणारं अ‍ॅट्रोपिन दिलं तरी नस रसायन सोडतच राहते, फक्त हृदयाला ते ऐकू येत नाही, असं लोवीने दाखवलं. हे रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. काम झालं की शरीरातलं एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. इसेरिन नावाचं औषध त्या एन्झाइमला अडवतं, मग ब्रेक सुटतच नाही.

मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं हेच करतात. फवारणी करताना विषबाधा झाली की लाळ, घाम, उलट्या सुरू होतात, बाहुल्या बारीक होतात, श्वासनलिका चिकट स्रावाने भरतात. अशा पेशंटला आजही अ‍ॅट्रोपिनच देतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हा ही औषधं आपल्याकडे बातम्यांत होती.

१९३६ चं नोबेल लोवीला मित्र हेन्री डेलसोबत मिळालं. दोनच वर्षांत हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात घुसलं. मार्च १९३८ मध्ये लोवीला आणि त्याच्या दोन मुलांना अटक झाली. आता आपल्याला मारणार, असं त्याला वाटत होतं. त्या अवस्थेत त्याने पहारेकऱ्याकडून पोस्टकार्ड मिळवलं आणि शेवटच्या प्रयोगाचे निष्कर्ष लिहून शास्त्रीय मासिकाकडे धाडले.

दोन महिन्यांनी सुटका झाली. देश सोडायच्या बदल्यात मात्र स्टॉकहोमच्या बँकेतली नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करावी लागली. बायको गुइडा मागेच अडकली. ती १९४१ मध्ये त्याच्यापर्यंत पोचली. तोवर तो लंडन, ब्रसेल्स, ऑक्सफर्ड असं करत न्यूयॉर्क विद्यापीठात रुजू झाला होता. तिथेच त्याने पुढची वीसेक वर्षं काढली आणि १९६१ च्या नाताळच्या दिवशी, ८८ व्या वर्षी त्याचं निधन झालं.