एकराला दशमानाशी जोडणारे एडमंड गुंटर

पणजीत भूखंडाचा भाव चौरस मीटरवर ठरतो. चोर्ला घाट ओलांडून बेळगावला गेले की जमिनीची भाषा एकर-गुंठ्यांची होते. क्रिकेटची खेळपट्टी मात्र दोन्हीकडे बावीस यार्डांचीच. बावीस यार्ड म्हणजे एक साखळी. आणि ही साखळी घडविणारे गणिती म्हणजे एडमंड गुंटर.

१५८१ मध्ये इंग्लंडात जन्मलेल्या गुंटर यांचे शिक्षण ऑक्सफर्डला झाले. १६१५ मध्ये ते लंडनच्या सदर्क भागातील चर्चचे धर्मगुरू झाले. पण त्यांचे मन रमले ते गणिती उपकरणांत. १६२० मध्ये ग्रेशम महाविद्यालयात खगोलशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. गणित खलाशी व मोजणीदारांच्या हाती यावे, म्हणून उपकरणांवरील ग्रंथ त्यांनी लॅटिनऐवजी इंग्रजीत लिहिला.

त्या काळी एकर ४,८४० चौरस यार्डांचा असल्याने शेताचे क्षेत्रफळ काढणे किचकट होते. गुंटर यांनी जुने माप मोडले नाही. ६६ फुटांची साखळी घेऊन तिच्या शंभर कड्या केल्या. दहा चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर. पाचशे कड्या लांब व चारशे कड्या रुंद शेताचा गुणाकार दोन लाख. पाच स्थळे सोडली की उत्तर दोन एकर. फ्रान्समध्ये मीटर जन्मण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी इंग्रजी मापात दशमान असे शिरले.

१० डिसेंबर १६२६ रोजी गुंटर निवर्तले. पुढे इंग्रजी अमलासोबत एकर व साखळी भारतात आली. आपला गुंठाही ३३ फूट लांबी-रुंदीचा, म्हणजे अर्ध्या साखळीचा चौरस. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली. तरी बोलण्यात गुंठा आणि कागदावर आर अशी सरमिसळ अनेक ठिकाणी टिकली. गुंठा व आर जवळजवळ सारखे असल्याने फसगत सोपी होते. आर १०० चौरस मीटरांचा, तर गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा. दोन्ही एकच मानले, तर एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास अर्धा गुंठा, हिशेबातून निसटतो. गुंटर यांनी दोन पद्धती जोडल्या त्या अचूक गणिताने. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी तेवढे गणित आपणही करावयास हवे.