३,३०० किलोमीटर चालून आलेल्या आजीने ट्रेलच्या देखभालीचं पितळ उघडं पाडलं

गोष्ट आहे १९५५ सालची. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ६७ वर्षांच्या एका आजीने जरा फिरून येते म्हणून मुलांना सांगितलं आणि घर सोडलं. ११ मुलं, २३ नातवंडं असलेली ही आजी थेट जॉर्जियात पोहोचली आणि अपालाचियन ट्रेलवर चालू लागली.

त्यांचं नाव एमा गेटवूड. जग त्यांना ग्रँडमा गेटवूड म्हणून ओळखतं.

जन्म १८८७ चा, शेतकरी घरातला. लग्नानंतर ३० वर्षांहून जास्त काळ त्यांनी नवऱ्याची मारहाण सोसली. जीव नकोसा झाला की त्या रानात जाऊन बसायच्या. शेवटी त्यांनी घटस्फोट घेतला.

पुढे नॅशनल जिओग्राफिकच्या एका अंकात त्यांनी या ट्रेलबद्दल वाचलं. वाट छान राखलेली आहे, मुक्कामाला निवारे आहेत, असं त्यात लिहिलं होतं. १९५४ मध्ये त्या पहिल्यांदा गेल्या, पण वाट चुकली, चष्मा फुटला आणि परत यावं लागलं.

३ मे १९५५ ला त्या पुन्हा निघाल्या. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट आणि तंबूऐवजी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. २५ सप्टेंबरला, १४६ व्या दिवशी, त्या मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर होत्या. एकटीने, एका दमात हा ट्रेल पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

पत्रकारांनी गराडा घातला. पण आजीने कौतुक ऐकत बसण्याऐवजी ट्रेलचा पंचनामा केला. वाटेत आडवी झालेली झाडं, गळ्यापर्यंत वाढलेलं गवत, पुसलेल्या खुणा. बरेचसे निवारे पडलेले किंवा जळालेले, उरलेले इतके घाण की त्यांनी बाहेर उघड्यावर झोपणं पसंत केलं.

मुळात हा ट्रेल १९३७ मध्ये पूर्ण झाला तो स्वयंसेवकांच्या जिवावर. दुसऱ्या महायुद्धात माणसं पांगली आणि देखभाल मागे पडली. आजीची बातमी देशभर गेली आणि लोकांचं लक्ष पुन्हा ट्रेलकडे वळलं. त्याच्या दुरुस्तीला वेग आला, याचं बरंचसं श्रेय आजही त्यांना दिलं जातं.

पण त्या नुसती तक्रार करून थांबल्या नाहीत. १९५७ मध्ये त्यांनी पुन्हा संपूर्ण ट्रेल केला, पुढे टप्प्याटप्प्याने तिसऱ्यांदा. उतारवयात ओहायोतल्या बकाय ट्रेलसाठी त्या स्वतः राबल्या. आपल्या गॅलिया काउंटीत झुडपं तोडून वाट मोकळी करायची, झाडांवर रंगाच्या खुणा करायच्या, हे त्यांचं काम.

४ जून १९७३ ला, वयाच्या ८५ व्या वर्षी त्या गेल्या. ओहायोच्या हॉकिंग हिल्समधल्या सुमारे १० किलोमीटरच्या वाटेला आज त्यांचं नाव आहे.

अपालाचियन ट्रेल आजही मुख्यतः स्वयंसेवकच सांभाळतात. पडलेली झाडं हटवणं, खुणा पुन्हा रंगवणं आणि दुसऱ्यांनी टाकलेला कचरा खाली घेऊन येणं, हे काम दरवर्षी नव्याने करावं लागतं. ते थांबलं की वाटेचं काय होतं, हे आजीने १४६ दिवस पाहिलं होतं.