स्मृतिदिन विशेष : विधिमंडळाला अधिकार मागणारे न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग

आज, १ सप्टेंबर, न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा स्मृतिदिन. वकील, विधिमंडळाचे सदस्य, न्यायाधीश आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक अशा चारही नात्यांनी त्यांनी अवघ्या ४३ वर्षांच्या आयुष्यात अमिट ठसा उमटवला.

१८५० साली मुंबईत जन्मलेले तेलंग एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि १८७२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. धर्मशास्त्राचे मूळ संस्कृत ग्रंथ ते स्वतः वाचत असल्याने हिंदू कायद्यातील त्यांच्या युक्तिवादाला विशेष वजन असे. मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेसाठी त्यांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाचेही ते सदस्य होते.

१८८४ मध्ये मुंबई विधिमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. सभासद सरकारनियुक्त आणि चर्चा केवळ मांडलेल्या विधेयकापुरती, अशी तेव्हाची स्थिती होती. ही उणीव आतून पाहिलेल्या तेलंगांनी १८८५ च्या मुंबईतील पहिल्या काँग्रेस अधिवेशनात विधिमंडळांच्या विस्ताराचा ठराव मांडला. निवडून आलेले सभासद, अंदाजपत्रकावर चर्चा आणि सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. १८९२ च्या कायद्याने प्रश्न व अंदाजपत्रकीय चर्चेचा मर्यादित अधिकार दिला. याच १८८५ साली फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमवेत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली.

१८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू होण्याचा मान त्यांना मिळाला.

या उज्ज्वल चरित्राला एक वेदनादायी कडाही आहे. समाजसुधारणेचे पुरस्कर्ते असलेल्या तेलंगांनी १८९३ मध्ये आपल्या अल्पवयीन कन्येचा विवाह करून दिला. विचार आणि आचार यांतील या अंतरावर सुधारकांनी कठोर टीका केली. सभागृहात निर्भयपणे बोलणाऱ्या विद्वानालाही घरातील रूढीपुढे नमावे लागले, हे त्या काळाचे वास्तव होते. त्याच वर्षी, १ सप्टेंबर रोजी, त्यांचे निधन झाले.

हा दोष झाकून त्यांचा गौरव करण्याचे कारण नाही. तसेच त्या एका दोषापायी त्यांचे कार्य विसरणेही योग्य नाही. आज लोकप्रतिनिधी सभागृहात सरकारला जाब विचारतात, त्या हक्काच्या प्रारंभिक मागणीत तेलंगांचा वाटा मोलाचा आहे.