पाऊस हुकला, झोका सापडला

शिवाजीनगरहून विद्यापीठाकडे जाणारी बस पकडली की थोड्याच वेळात कंडक्टर ओरडतो, सिमला ऑफिस! तुम्हीही हे शंभरदा ऐकलं असेल. पण मे महिन्यात तोंडाला रुमाल बांधून गाडी चालवावी लागते अशा या शहरात सिमला कुठून आलं, असा प्रश्न कधी पडलाय? खरं सांगते, चार वर्षं त्याच चौकातून कॉलेजला जाऊनही मला तो पडला नव्हता.

उत्तर सोपं आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय आधी सिमल्याला होतं. ते 1928 मध्ये पुण्यात आलं आणि येताना जुन्या गावाचं नावही घेऊन आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नाव इथेच राहिलं. आज पेपरात पुण्याचं तापमान म्हणून जो आकडा छापून येतो, तो इथल्याच शिवाजीनगर वेधशाळेतला.

आजची गोष्ट या खात्याच्या एका जुन्या साहेबांची आहे. नाव गिल्बर्ट वॉकर. मुख्यालय पुण्यात येण्याच्या चार वर्षं आधीच ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले होते. पण दर एप्रिल-मेमध्ये तुमच्या मोबाइलवर एल निनोची बातमी येते ना, तिची सुरुवात शोधत गेलात तर याच माणसापाशी पोहोचाल. गंमत म्हणजे, ज्या कामासाठी त्यांना भारतात आणलं होतं, ते काम त्यांना जमलं नाही.

टॉपर आणि बूमरँग

वॉकर यांचा जन्म 1868 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले आणि 1889 मध्ये सिनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या अंतिम परीक्षेत पहिले. पुणेकरांना हा किताब माहीत आहे. बरोबर दहा वर्षांनी, 1899 मध्ये, तो आपल्या रँग्लर परांजप्यांना मिळाला होता.

आता पुढचं वाचा, कारण परीक्षांच्या रगाड्यातून गेलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पहिला नंबर आला आणि पुढच्याच वर्षी वॉकर यांची तब्येत पार ढासळली. आज आपण ज्याला बर्नआउट म्हणतो, तसंच काहीसं. बरं होण्यासाठी त्यांनी काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढले. तिथे ते बर्फावर स्केटिंग शिकले आणि त्यात तरबेज झाले.

त्यांना अशा वेगळ्याच गोष्टींचा नाद होता. केंब्रिजमध्ये नदीकाठच्या हिरवळीवर ते बूमरँग फेकत बसायचे. ते वळून परत का येतं याचं गणित त्यांनी मांडलं आणि 1897 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. मित्रांनी टोपणनावच पाडलं, बूमरँग वॉकर. बासरी वाजवायचे, तिच्या रचनेतही सुधारणा सुचवायचे. पुढे सिमल्याला आल्यावर डोंगरावर पंख न हलवता घिरट्या घालणारे पक्षी तासन्‌तास पाहायचे. एखादी गोष्ट फिरते, डोलते, परत येते, ती तशी का वागते, हा त्यांचा आवडता प्रश्न होता.

पावसाची नोकरी

आता जरा मागे जाऊ. हवामान खातं 1875 मध्ये सुरू झालं. लगेच 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ पडला. पुणे, नगर, सोलापूर हे सगळे जिल्हे त्यात होरपळले. पाऊस कसा होणार हे आधी कळायला हवं, अशी सरकारची मागणी सुरू झाली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडे पाहून अंदाज बांधायला सुरुवात केली. बर्फ जास्त पडला की पुढचा मोसमी पाऊस कमी, असा त्यांचा ठोकताळा होता. त्यांच्यानंतर जॉन एलियट आले. त्यांनी 1899 मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि नेमका त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. पुन्हा दुष्काळ, पुन्हा लाखो मृत्यू.

या पार्श्वभूमीवर 1904 मध्ये वॉकर खात्याचे प्रमुख झाले. त्यांना हवामानशास्त्राचा अनुभव नव्हता. होतं ते गणित आणि भौतिकशास्त्र. त्यांनी विचार केला, की पाऊस का पडतो याची सूत्रं आज आपल्या हातात नाहीत. मग आधी जगभरातल्या नोंदी गोळा करू आणि कशाचा कशाशी संबंध दिसतो ते तपासू.

त्यांनी हिमालयातलं बर्फ घेतलंच. त्याशिवाय दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, मॉरिशसचा दाब, झांझिबारचा पाऊस, नाईल नदीचा पूर असं बरंच काही घेतलं. आज लॅपटॉपवर दोन मिनिटांत होईल असा हा हिशेब. तेव्हा संगणक म्हणजे माणूसच. खात्यातले भारतीय कर्मचारी हाताने गुणाकार-भागाकार करून सहसंबंधांचे आकडे काढायचे, ते एकदा-दोनदा नाही, तर वर्षानुवर्षं. शोधाला वॉकर यांचं नाव लागलं, पण तो या लोकांच्या बोटांवर उभा आहे, हे विसरू नका.

कारकुनांवरून आठवलं. 1913 मध्ये वॉकर मद्रासला गेले असताना त्यांना एका कारकुनाची गणिताची वही दाखवण्यात आली. शुद्ध गणित हा आपला प्रांत नाही, हे वॉकर जाणून होते. तरी वहीत काहीतरी विलक्षण आहे हे त्यांनी ओळखलं आणि या तरुणाला संशोधनासाठी मोकळीक मिळावी म्हणून मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिलं. पोर्ट ट्रस्टमधल्या त्या तीस रुपयांच्या कारकुनाला विद्यापीठाने महिना 75 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन.

हजार नाणी

तुम्ही डेटा अॅनालिटिक्सचा एखादा कोर्स केला असेल, तर इथे थांबून विचार करा. शेकडो गोष्टींचा पावसाशी संबंध तपासला तर काही संबंध नुसत्या योगायोगाने जुळणारच ना?

समजा, एका सभागृहात हजार विद्यार्थी बसलेत आणि प्रत्येकाने दहा वेळा नाणं उडवलं. गणित सांगतं, की त्यांतल्या साधारण एकाला दहाही वेळा छापाच पडेल. त्याच्या हातात जादू नसते. हजार जणांत कुणीतरी असा निघण्याची शक्यताच जास्त असते.

हा धोका वॉकर यांनी फार लवकर ओळखला. जितक्या जास्त गोष्टी तपासाल, तितकी सर्वांत चांगल्या दिसणाऱ्या संबंधाबद्दलची शंका वाढवायला हवी, हे त्यांनी 1914 मध्ये गणिताने दाखवलं. सूर्यावरच्या डागांमुळे पाऊस ठरतो, अशी कल्पना त्या काळात फार लोकप्रिय होती. वॉकर यांनी ती तपासली आणि तिच्यात फारसा दम नसल्याचं सांगितलं.

तरीही अंदाजांचं यश बेताचंच राहिलं. निवडून काढलेले काही संबंध पुढच्या वर्षांत विरत गेले. अख्ख्या भारताचा एकच अंदाज देण्यात अर्थ नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी देशाचे वेगवेगळे विभाग केले. पुढे तर ते ठाम भाकीत या अर्थाच्या शब्दाऐवजी चाहूल या अर्थाचा सौम्य शब्द वापरू लागले.

बागेतला सी-सॉ

पण आकड्यांच्या त्या ढिगाऱ्यातून एक वेगळीच आकृती वर आली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो आणि तिकडे उतरला की इकडे वाढतो. बागेतल्या सी-सॉसारखं. फक्त या सी-सॉची फळी हजारो किलोमीटर लांब होती. वॉकर यांनी 1924 मध्ये त्याला सदर्न ऑसिलेशन, म्हणजे दक्षिणी आंदोलन, असं नाव दिलं. आज हा झोका मोजायला ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर इथला हवेचा दाब वापरतात.

झोका दिसला, पण तो हलवतं कोण, हे वॉकर यांना सांगता आलं नाही. महासागराचा यात हात असावा असं त्यांना वाटत होतं, पण समुद्राच्या पुरेशा नोंदी तेव्हा नव्हत्या. कारण सांगता येत नसेल तर नुसत्या आकड्यांचा काय भरवसा, असं म्हणणारे अनेक होते. 1924 मध्ये सर ही पदवी मिळाली, ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. पण 4 नोव्हेंबर 1958 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या मुख्य कामाबद्दल जाणकारांचा सूर थंडच होता.

त्यांच्या मृत्यूच्या सुमारासच उत्तराचा कच्चा माल गोळा होत होता. 1957-58 हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. जगभर मोजमापं चालली होती आणि योगायोगाने त्याच काळात मोठा एल निनो आला. या नोंदी घेऊन जेकब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञांनी 1969 मध्ये कोडं सोडवलं. वारे पॅसिफिकचं गरम पाणी पश्चिमेला ढकलतात. तिथे हवा वर चढते आणि पूर्वेला, पेरूच्या बाजूला, खाली उतरते. वारे मंदावले की गरम पाणी पूर्वेकडे सरकतं, त्यामुळे वारे आणखी मंदावतात आणि झोका उलटतो. म्हणजे पाणी वाऱ्याला हलवतं आणि वारा पाण्याला. हवेच्या या चक्राला ब्यर्कनेस यांनी नाव दिलं वॉकर सर्क्युलेशन. वॉकर जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

एकमेकांवर परिणाम करणारे असंख्य भाग असलेल्या अशा व्यवस्थांना आता जटिल प्रणाली म्हणतात. 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच विषयाला मिळालं. अर्धं हवामानाची प्रारूपं मांडणाऱ्या मानाबे आणि हासेलमान यांना, अर्धं जॉर्जिओ पारिसी यांना. पारिसींनी रोमच्या आकाशातल्या पक्ष्यांच्या थव्यांचाही अभ्यास केलाय. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर भोरड्यांचे थवे वळतात ना, त्यांच्याच जातभाईंचे थवे. सिमल्याच्या डोंगरावर पक्षी पाहत बसणाऱ्या वॉकर साहेबांना हे आवडलं असतं, असं आपलं मला वाटतं.

मामांचं शेत

मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं तेव्हा खात्याचे प्रमुख चार्ल्स नॉर्मंड होते. त्यांनी 1953 मध्ये वॉकर यांचं काम पुन्हा तपासलं तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. आपला पाऊस आधीच्या घटनांपेक्षा नंतरच्या घटनांशी जास्त घट्ट जोडलेला होता. म्हणजे मॉन्सून हा जगाच्या हवामानामागे फरफटत जाणारा डबा नाही, तर तो स्वतःही गाडी ओढतो. म्हणूनच तर तो ओळखायला इतका अवघड.

हा धडा पुढेही मिळत राहिला. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये 16 घटकांचं प्रारूप आणलं. ते वॉकर यांच्याच वाटेवरचं होतं. बरीच वर्षं चाललं, मग 2002 च्या दुष्काळात चुकलं आणि बदलावं लागलं. 1997 मध्ये तर प्रचंड एल निनो असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला. आज पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत महासंगणक हवा आणि समुद्र यांची समीकरणं एकत्र सोडवतात.

हे सगळं मी का वाचत बसले, ते सांगते. 2023 मध्ये हवामान खात्याने 96 टक्के पावसाचा अंदाज दिला होता. चार-पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, असंही सांगितलं होतं. पाऊस झाला 94 टक्के. अंदाज बरोबर. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पारनेर तालुक्यातल्या माझ्या मामांचे मूग त्या महिन्यात शेंगा धरायच्या आत करपले. मामा फोनवर म्हणाले, तुम्ही पेपरवाले आकडा तर बरोबर छापता. मी तेव्हा पेपरवाली झालेही नव्हते, तरी गप्प बसले.

देशाच्या सरासरीत मामांचं शेत दिसत नाही. अख्ख्या देशाला एकच अंदाज लावू नये, हे शंभर वर्षांपूर्वी वॉकर यांनाही कळून चुकलं होतं. म्हणून यंदा मोबाइलवर एल निनोची बातमी आली तर नुसता मथळा वाचून गावच्या ग्रुपवर टाकू नका. अंदाज कोणत्या भागाचा आहे, कोणत्या महिन्याचा आहे आणि चुकण्याची शक्यता किती सांगितली आहे, या तीन गोष्टी आधी पाहा. मामांना मी आता एवढं सगळं वाचून दाखवते. ते ऐकतात, मग आभाळाकडे बघतात आणि पेरणी कधी करायची ते त्यांचं तेच ठरवतात.