लाव्हॉझिए आणि शरीरांतील मंद अग्नि

थंडीच्या दिवसांत सकाळीं शाळेच्या वाटेवर आपल्या हातांचीं बोटें गारठतात, परंतु अंगांतील मूळची ऊब जात नाहीं. ही ऊब कोठून येते, ह्या प्रश्नास तराजू लावणाऱ्या पुरुषाचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

आंत्वान लाव्हॉझिए ह्याचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजीं पॅरिस येथें झाला. तो कायदा शिकला, पण त्याचें मन रसायनशास्त्रांत रमलें. १७६८ सालीं तो शास्त्र-अकादमीचा सभासद झाला. त्याच वर्षीं राजाच्या करवसुलीच्या मक्त्यांतही त्यानें भाग घेतला. त्या उत्पन्नांतून त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. पत्नी मारी हिनें प्रयोगांचीं टिपणें ठेवून व चित्रें काढून त्यास मोलाचें साह्य केलें.

१७८२-८३ च्या हिवाळ्यांत त्यानें लाप्लास ह्या गणितज्ञासह गिनीपिग नांवाचा लहानसा प्राणी बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेविला. १० तासांत त्याच्या उबेनें सुमारें १३ औंस बर्फ वितळलें. त्याच्या उच्छ्वासांतील कर्बवायूइतका वायु कोळसा जाळून मिळविल्यास जी उष्णता निघते, तिच्याशीं ही उष्णता बऱ्याच अंशीं जुळली. तेव्हां श्वसन हें मेणबत्तीसारखेंच, पण मंद ज्वलन होय, असें त्यानें ठरविलें. पुढें १७९० च्या सुमारास सेगें ह्या सहकाऱ्यानें प्रयोगासाठीं स्वतःचा देह दिला. स्वस्थ बसलेला मनुष्य थंडींत अधिक प्राणवायु वापरतो, असें दिसून आलें.

करवसुलीच्या मक्तेदारांवर रयतेचा रोष होता, आणि तो निष्कारण नव्हता. राज्यक्रांतींत, ८ मे १७९४ रोजीं, श्वशुरासह लाव्हॉझिएचा शिरच्छेद झाला. वय अवघें ५० वर्षांचें. ज्या धनानें प्रयोगशाळा उभारली, तेंच प्राणावर बेतलें.

हें ज्वलन फुफ्फुसांत होतें, असा त्याचा समज होता. तें पेशीपेशींत चालतें, हें पुढील संशोधकांनीं दाखविलें. पेशींतील तंतुकणिका अन्नाच्या ज्वलनांतून शक्ति साठवितात. थंडींत स्नायू कुडकुडून उष्णता देतात. तपकिरी चरबींतील तंतुकणिका मात्र एका विशिष्ट प्रथिनाच्या योगें शक्ति न साठवितां तिची सरळ उष्णताच करतात. नवजात बालकास नीटसें कुडकुडतां येत नाहीं. खांद्यांच्या फऱ्यांमधील ही चरबी त्यास ऊब देते. प्रौढ मनुष्यांतही ती कार्य करते, हें २००९ सालीं स्पष्ट झालें.

विद्यार्थिमित्रहो, ज्या जगन्नियंत्यानें असहाय अर्भकाच्या पाठीशीं ही शेकोटी ठेविली, त्याची करणी तराजू हातीं घेऊन शोधणें हीही एक उपासनाच होय, असें आम्हांस वाटतें.