सणाच्या घरातील हिशेब

३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. पाश्चात्त्य देशांत ती हॅलोवीन म्हणून साजरी होते. भोपळे कोरून त्यांत दिवे लावायचे, चेटकिणींची सोंगे घ्यायची, पाण्यात तरंगणारी सफरचंदे हात न लावता दातांनी उचलायची, असा हा मुलांचा भीतीशी खेळण्याचा सण. या निरुपद्रवी खेळातील पाण्याची बादलीच खुनाचे साधन करण्याचे धाडस अगाथा ख्रिस्ती यांनी १९६९ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, ‘हॅलोवीन पार्टी’ या कादंबरीत केले. सणाच्या आनंदाआड काय दडलेले असते, हे त्या जन्मभर पाहत आल्या होत्या.

इंग्लंडमधील टॉर्की येथे १५ सप्टेंबर १८९० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील वडिलोपार्जित उत्पन्नावर जगणारे गृहस्थ. ते उत्पन्न आटत गेले आणि १९०१ मध्ये वडील वारले, तेव्हा राहते घर ठेवावे की विकावे हा प्रश्न आईपुढे उभा राहिला. पुढे मायलेकींचे नाताळ थोरल्या बहिणीच्या सासरी, मँचेस्टरजवळील ॲबनी हॉल या प्रशस्त वाड्यात होऊ लागले. भरल्या ताटांच्या त्या आठवणी अगाथाबाईंनी अखेरपर्यंत जपल्या. परंतु पैशाची चणचण म्हणजे काय, हेही त्यांना बालपणीच उमगले होते.

पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम करताना त्यांना विषांचे ज्ञान झाले आणि १९२० मध्ये पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १९२६ साली आई गेली, पतीचे मन दुसरीकडे गुंतले. त्या अकरा दिवस बेपत्ता झाल्या आणि हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या. १९२८ मध्ये घटस्फोट झाला. पदरी लहान मुलगी असलेल्या या स्त्रीला लेखन हा आता केवळ छंद राहिला नाही; तो चरितार्थ झाला. १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला.

१९३८ च्या ‘हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस’मध्ये एक धनाढ्य वृद्ध नाताळासाठी मुलांना घरी बोलावतो आणि मृत्युपत्र बदलण्याची भाषा करतो. सण दुरावलेल्या माणसांना एका छपराखाली आणतो. मग वारसा, उपकार आणि अपमान यांचे तुंबलेले हिशेबही तेथेच उघडतात. आज इंग्रजीत सणासणाला निघणाऱ्या सौम्य रहस्यकथांचे मर्म हेच आहे. छोटे गाव, ओळखीची माणसे, रक्तपाताचे वर्णन बेताचे. कुतूहल मात्र माणसांच्या व्यवहाराचे.

‘हॅलोवीन पार्टी’त हिशेब पैशापुरता उरत नाही. मेजवानीच्या तयारीत तेरा वर्षांची एक मुलगी आपण पूर्वी एक खून पाहिल्याचे सांगते. बढाईखोर म्हणून तिची ख्याती असल्याने सारे तिला हसण्यावारी नेतात. त्याच रात्री ती सफरचंदांच्या बादलीत बुडवून मारलेली आढळते. खून एकाच्या हातून घडतो. परंतु मुलाचे बोलणे ऐकण्याइतकीही सवड नसलेले गाव त्या दोषातून सर्वस्वी सुटत नाही.

१२ जानेवारी १९७६ रोजी अगाथाबाईंचे निधन झाले. त्यांच्या कथांतील पोलीस व वाडे आता जुने झाले आहेत. पण सणाच्या गर्दीत एखादे मूल काही सांगू पाहते, तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून त्याचे ऐकणारे कोणी घरात आहे काय, हा प्रश्न मात्र जुना झालेला नाही.